कोरी जागा सोडायची नाही : जर्मन ताब्यातल्या चेक वर्तमानपत्रांची गोष्ट

पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रागमध्ये छापलेली वर्तमानपत्रं उघडली, तर मजकुराच्या मधोमध पांढरी ठिगळं दिसतात. कुठे दोन ओळींचं, कुठे अर्ध्या स्तंभाचं. चेक प्रदेश तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. सेन्सॉरने मजकूर काढायला लावला की ती जागा तशीच कोरी ठेवून अंक छापला जाई. वाचकाला बातमी मिळत नसे. पण इथे काहीतरी होतं आणि ते काढून घेतलं गेलं, एवढं त्याला नक्की कळे.

१९३९ मध्ये जर्मनीने हाच प्रदेश ताब्यात घेतला आणि कोरी जागा सोडायची सोय उरली नाही. मजकूर काढला तर तिथे दुसरा भरायचा. अंक वाचकाच्या हाती पडेल तेव्हा त्यावर कात्रीची खूण दिसता कामा नये.

हा एवढासा नियम नीट समजला तर पुढच्या सहा वर्षांतलं बरंच काही उलगडतं. जुन्या सेन्सॉरला मजकूर अडवायचा होता, तेवढ्यावर त्याचं काम संपत होतं. नव्याला मजकूर तर अडवायचा होताच, शिवाय कोणी काही अडवलेलंच नाही असंही भासवायचं होतं. आणि हे फक्त वर्तमानपत्रापुरतं नव्हतं. अख्खा देशच तसा मांडून ठेवला होता. राष्ट्राध्यक्ष जागेवर, मंत्रिमंडळ जागेवर, चेक भाषेतला पेपर सकाळी दारात. कोरी जागा कुठेच नाही.

घर आपलं, किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्युनिकला जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चौघांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा सीमेलगतचा मोठा पट्टा हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा देश होता त्यांना त्या बैठकीत बसूही दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष एडवर्ड बेनेश यांनी राजीनामा दिला आणि ते लंडनला गेले. त्यांच्या जागी एमिल हाखा आले. हाखा हे न्यायाधीश, कायद्याचे जाणकार, साठी उलटलेले आणि तब्येतीने नाजूक. राजकारणात मुरलेला माणूस नव्हेच.

१४ मार्च १९३९ ला स्लोव्हाकियाने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री हाखा आगगाडीने बर्लिनला पोचले. हिटलरने त्यांना भेटायला बोलावलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सही करा, नाहीतर प्रागवर बॉम्ब पडतील, असं जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने सुनावलं. हाखांची शुद्ध हरपली. हिटलरचे डॉक्टर मोरेल यांनी इंजेक्शन देऊन त्यांना सावरलं. पहाटे चारच्या सुमारास सही झाली. त्या दिवशी सकाळी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि संध्याकाळी हिटलर स्वतः प्रागच्या किल्ल्यावर होता.

दुसऱ्या दिवशीच्या हुकुमाने बोहेमिया आणि मोराव्हिया हा जर्मनीचा ‘संरक्षित प्रदेश’ ठरला. कागदावर त्याला स्वायत्तता होती. स्वतःचा राष्ट्राध्यक्ष, स्वतःचे मंत्री, स्वतःची पोलीस यंत्रणा. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण मात्र जर्मनीकडे, आणि या सगळ्यांवर ‘राइख-संरक्षक’ म्हणून कोन्स्टान्टिन फॉन नॉयराट. चेक सरकारचा कोणताही निर्णय तो रद्द करू शकत होता. त्याच्या हाताखाली सचिव होता कार्ल हर्मान फ्रांक. तो सीमाभागातला जर्मन होता, आणि चेक लोकांबद्दलचा द्वेष त्याने कधी लपवला नाही.

एप्रिलच्या अखेरीस पंतप्रधान झाले जनरल आलोइस एलियाश. हे नाव लक्षात ठेवा. एकीकडे ते नॉयराटच्या कचेरीत जाऊन वाटाघाटी करत आणि दुसरीकडे गुप्तपणे लंडनच्या बेनेश यांना निरोप पाठवत. तारेवरची कसरत हा शब्द आपण फार सहज वापरतो. या माणसाने ती जवळपास अडीच वर्षं केली.

आता प्रश्न असा, की जर्मनांनी वाटाघाटी करायच्याच कशाला? फौज त्यांची, तुरुंग त्यांचे. उत्तर कारखान्यांत आहे. पिल्झेनचा श्कोडाचा कारखाना, प्रागचे यंत्रकारखाने, ब्रनोचा बंदुकांचा कारखाना: युरोपातल्या मोठ्या शस्त्रउद्योगांपैकी एक उद्योग एकही गोळी न झाडता हिटलरच्या हाती आला होता. तो चालू राहायचा तर कामगार रोज सकाळी कामावर यायला हवे होते, रेल्वे वेळेवर धावायला हवी होती. त्यासाठी लोक शांत हवेत, आणि लोक शांत राहायचे तर आपलं अजून काहीतरी आपल्या हातात आहे असं त्यांना वाटायला हवं. चेक सरकारला याच गरजेचा आधार होता. मागणी लहान ठेवायची, प्रत्येक हुकमाला शंका काढायच्या, फाइल लांबवायची, एखादा शब्द बदलून घ्यायचा आणि वेळ काढायचा. युद्ध जर्मनी हरेल, तोवर माणसं टिकली पाहिजेत, असा त्यामागचा हिशेब होता.

या घासाघिशीत वर्तमानपत्र हे दोन्ही बाजूंचं चलन झालं. जर्मनांना हवं असे ते पहिल्या पानावर हाखांचं निष्ठेचं भाषण, हिटलरला पाठवलेली अभिनंदनाची तार. त्या बदल्यात काही कैदी सुटावेत, एखादा जाचक हुकूम महिनाभर पुढे ढकलला जावा, अशी चेक सरकारची खटपट चाले. म्हणून त्या काळातला अंक वाचताना छापलेलं वाक्य कोणाचं मत आहे हे विचारून भागत नाही. ते कशाच्या बदल्यात छापलं असेल, हेही विचारावं लागतं.

सेन्सॉर नेमका बसायचा कुठे

देशाची व्यवस्था जशी दोन मजली, तशीच वर्तमानपत्रांवरची पहाऱ्याचीही. खालच्या मजल्यावर चेक अधिकारी. पंतप्रधानांच्या कचेरीत वृत्तपत्र विभाग होता आणि त्याच्या अखत्यारीत छापण्याआधी मजकूर तपासणारी यंत्रणा. ही काही जर्मनांनी शून्यातून उभी केली नव्हती. म्युनिकच्या संकटकाळात चेक सरकारनेच पूर्व-तपासणी सुरू केली होती आणि पुढच्या काही महिन्यांत ती चालू ठेवली होती. मार्चमध्ये जर्मन आले तेव्हा त्यांना तयार खुर्च्या आणि तयार शिक्के मिळाले. आणीबाणी म्हणून उभारलेली यंत्रणा पुढे कोणाच्या हाती जाईल हे उभारणाऱ्यांना माहीत नसतं. मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात अस्वस्थ करतो.

वरच्या मजल्यावर राइख-संरक्षकाच्या कचेरीतला सांस्कृतिक विभाग, आणि त्यातल्या वृत्तपत्र गटाचा प्रमुख वोल्फगांग वोल्फ्राम फॉन वोल्मार. हा मुख्य संपादकांना नियमित बैठकीला बोलावत असे. कोणती बातमी घ्यायची, कोणती गाळायची, मथळा केवढा, पान कोणतं, सूर कसा, हे तिथे सांगितलं जाई. त्या बैठकांची टिपणं उरली आहेत, आणि त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. वोल्मारची मुख्य तक्रार बंडखोर मजकुराबद्दल नव्हती, निर्जीव मजकुराबद्दल होती.

ते कसं, ते सांगतो. परदेशी बातम्या जर्मन वृत्तसंस्थेकडून चेक वृत्तसंस्थेकडे येत आणि तिथून सगळ्या पेपरांना. बरेच संपादक त्या जशाच्या तशा छापत. त्यात स्वतःचा एक शब्दही घालत नसत. वाचक त्या ठोकळेबाज भाषेवरून समजून जात, की हे आपल्या पेपरचं बोलणं नव्हे. मजकूर हुकमाप्रमाणे, शब्द हुकमाप्रमाणे, आणि तरीही हुकमाचा हेतू फसलेला. वोल्मारला हे चालत नव्हतं. त्याला संपादकाचा स्वतःचा अग्रलेख हवा होता, त्याच्या नेहमीच्या शैलीत, त्याच्या सहीनिशी, वाचकाला पटेल असा. अडवण्याच्या सेन्सॉरशिपपेक्षा ही कितीतरी जाचक. गप्प बसण्याचीसुद्धा मुभा नाही.

ज्यू पत्रकारांना तर जागाच उरली नाही. ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या दैनिकात वर्षानुवर्षं न्यायालयाच्या बातम्या आणि विनोदी सदरं लिहिणाऱ्या कारेल पोलाचेक यांना बाहेर पडावं लागलं. पुढे त्यांची रवानगी तेरेझीनला आणि तिथून ऑश्वित्झला झाली, आणि १९४५ च्या सुरुवातीला छावणीच्या फेऱ्यातच त्यांचा अंत झाला. त्याच दैनिकाचे व्यंगचित्रकार योझेफ चापेक यांना १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे युद्ध सुरू झालं त्याच दिवशी, धरपकडीत उचललं. एप्रिल १९४५ मध्ये बर्गन-बेल्सेनच्या छावणीत त्यांचा अंत झाला. त्या धरपकडीत ‘प्रझितोम्नोस्त’ या नावाजलेल्या साप्ताहिकाचे संपादक फेर्दिनांद पेरौत्का हेही होते. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

सेन्सॉरच हेर

आता या सगळ्यातली मला सर्वाधिक भावलेली गोष्ट. पंतप्रधानांच्या कचेरीत वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या चेक यंत्रणेचे प्रमुख होते झ्देनेक श्मोरांझ. पूर्वी पत्रकार, शिवाय मुलांसाठी बाहुलीनाट्यं लिहिणारे.

चेकोस्लोव्हाक सैन्य विसर्जित झालं होतं. संरक्षित प्रदेशाला फक्त ७,००० माणसांचं एक नावापुरतं दल ठेवायची परवानगी मिळाली. हजारो प्रशिक्षित अधिकारी घरी बसले. त्यांना सरकारी कचेऱ्यांत सामावून घ्यायचं काम सुरू होतं, आणि श्मोरांझ यांनी त्यातल्या निवडक अधिकाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत वृत्तपत्र तपासनीस म्हणून नेमलं. काम काय, तर स्थानिक पेपरांवर नजर ठेवायची. कचेरीत बसायचं, दौऱ्यावर जायचं, अहवाल पाठवायचे. कोणाला संशय यावा असं त्यात काहीच नव्हतं.

खरं काम वेगळंच होतं. ही माणसं जर्मन फौजांच्या हालचाली, तुकड्या, रेल्वेची वाहतूक यांची माहिती गोळा करत होती. म्हणजे जर्मनांच्या वतीने चेक वर्तमानपत्रांतून लष्करी माहिती बाहेर जाऊ नये म्हणून नेमलेली यंत्रणाच लष्करी माहिती बाहेर पाठवत होती.

हे जाळं फार काळ टिकलं नाही. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस गेस्टापोने श्मोरांझ यांना अटक केली आणि पाठोपाठ अनेक साथीदार सापडले. छळ झाला, वर्षानुवर्षं तुरुंगवास झाला. १९ ऑगस्ट १९४२ ला बर्लिनच्या प्लॉट्झेनझे तुरुंगात श्मोरांझ यांना मृत्युदंड दिला गेला.

त्या काळातल्या माणसांना ‘देशभक्त’ आणि ‘फितूर’ अशा दोन पेट्यांत टाकायला गेलो की अडचण होते ती इथे. १९३९ च्या उन्हाळ्यात एखाद्या तालुक्याच्या गावी कोणी संपादक आपला लेख घेऊन तपासनिसाकडे गेला असेल आणि त्याने त्यावर काट मारली असेल, तर संपादकाने त्याला मनातल्या मनात काय म्हटलं असेल? आणि तो तपासनीस काहीच सांगू शकत नव्हता.

कावळा, बिल्ला आणि पुठ्ठ्याचं रीळ

वाचकही काही भोळे नव्हते. तीन शतकं परक्या राजघराण्याखाली काढलेल्या समाजाला आडून बोलणं आणि आडून ऐकणं चांगलं अवगत होतं.

जर्मन फौजा शिरल्या त्यानंतर चारच दिवसांनी, १९ मार्च १९३९ ला, प्रागच्या वेन्सेस्लास चौकात त्यांचं संचलन झालं. रेडिओवर त्याचं धावतं वर्णन करायचं काम फ्रांतिशेक कोत्सोउरेक या लोकप्रिय निवेदकाकडे आलं. वर्णन करता करता त्यांनी एका कावळ्याबद्दल सांगितलं: कुठूनसा उत्तरेकडून आलेला, भला मोठा, पंख पसरून चौकावरून तरंगत गेलेला. बर्लिन प्रागच्या उत्तरेला आहे. ऐकणाऱ्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. कोत्सोउरेक पुढे पकडले गेले आणि १९४२ मध्ये ऑश्वित्झमध्ये मरण पावले.

मे १९३९ मध्ये कवी कारेल हिनेक माखा यांच्या अस्थी प्रागच्या विशेह्राद टेकडीवर दफन झाल्या. माखा वारले १८३६ मध्ये. त्यांची कबर सीमाभागातल्या लितोम्येरझित्से गावी होती. ते गाव जर्मनीला जाणार हे ठरल्यावर चेक लोकांनी अस्थी उकरून आणल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीच्या कवीच्या अंत्ययात्रेवर सेन्सॉर आक्षेप काय घेणार? लोक लोटले. पेपरांनी भाषा, काव्य, मातृभूमी यांवर भरभरून लिहिलं. त्यात जर्मनीविरुद्ध एक अक्षर नव्हतं आणि ते सगळं जर्मनीबद्दलच होतं.

राजकीय पक्ष बंद करून सरकारने एकच राष्ट्रीय संघटना ठेवली होती. तिच्या चेक नावाची आद्याक्षरं ‘एन एस’. जवळजवळ सगळे चेक पुरुष तिचे सभासद झाले आणि छातीवर बिल्ला लावू लागले. अनेकांनी तो उलटा लावला. उलटी अक्षरं ‘एस एन’, आणि त्यांचा लोकांनी लावलेला अर्थ ‘जर्मनांना मृत्यू’. ३० सप्टेंबर १९३९ ला म्युनिकच्या वर्षदिनी प्रागकर ट्राममध्ये चढलेच नाहीत; चालत कामावर गेले. पेपरात त्याची हाक छापून आलेली नव्हती, ती तोंडोतोंडी आणि चिठ्ठ्यांतून पसरली.

आणि मग उघड वर्तमानपत्रांच्या शेजारी छुपी वर्तमानपत्रं. त्यातलं ठळक नाव ‘व्ही बोय’, म्हणजे ‘लढ्यासाठी’. ते १९३९ पासून निघत होतं. चित्रकार आणि अक्षररचनाकार व्होयत्येख प्राइसिग त्यासाठी काम करत, त्यांची मुलगी इरेना बेर्नाश्कोव्हा अंक तयार करून पोचवत असे. इरेनाला ऑगस्ट १९४२ मध्ये बर्लिनमध्ये गिलोटिनवर चढवलं. जर्मन न्यायालयाने मृत्युदंड देऊन मारलेली ती पहिली चेक स्त्री. वडील १९४४ मध्ये डाखाऊच्या छावणीत वारले. याच ‘व्ही बोय’साठी मिलेना येसेन्स्का यांनीही काम केलं. जग त्यांना काफ्काची पत्रं ज्यांना गेली ती मैत्रीण म्हणून ओळखतं. खरं तर त्या आधी पत्रकार, आणि तीही अव्वल दर्जाची. पेरौत्कांच्या ‘प्रझितोम्नोस्त’मध्ये १९३९ च्या त्या महिन्यांत त्यांनी ताब्यातल्या देशातल्या साध्या माणसांबद्दल लिहिलं, आणि फावल्या वेळात धोक्यातल्या लोकांना सीमेपार पाठवलं. नोव्हेंबर १९३९ मध्ये अटक, मे १९४४ मध्ये राव्हेन्सब्र्युकच्या छावणीत मृत्यू.

परदेशी रेडिओ ऐकण्याची शिक्षा सक्तमजुरीपासून मृत्यूपर्यंत होती. तसा इशारा छापलेला पुठ्ठा प्रत्येक रेडिओच्या बटणाला अडकवणं बंधनकारक होतं. पुढे तर घराघरांतल्या रेडिओमधून लघुलहरी पकडणारा भागच काढून टाकायला लावला. त्यावर लोकांनी तारेचं छोटं वेटोळं गुंडाळून घरगुती जोडणी बनवली. ती बसवली की लंडन लागे. तिला लाडाने नाव दिलं ‘चर्चिलका’.

सँडविचची ताटं

१९४० उजाडेपर्यंत जर्मनांना संपादकांमध्ये मनापासून साथ देणारे काही जण मिळाले होते. चेक भाषेत त्यांना ‘आक्टिव्हिस्ट’ म्हणत. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ चळवळीतला कार्यकर्ता. तिथे तेव्हा तो जर्मनांची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या पत्रकारांना चिकटला. ‘चेस्के स्लोव्हो’चे कारेल लाझ्नोव्स्की, व्लादिमीर क्रिख्तालेक, एमानुएल वायताउएर ही त्यातली नावं. सप्टेंबर १९४० मध्ये चेक पत्रकार आणि कलावंतांना जर्मनीच्या दौऱ्यावर नेलं आणि जर्मन प्रचारमंत्री गोबेल्सने त्यांच्यापुढे भाषण केलं. सांगणं सरळ होतं: तुम्ही आमच्या युरोपात यायचं की नाही हे तुम्हाला विचारलेलं नाही, आनंदाने येणार की नाइलाजाने, एवढंच ठरवा.

हे पत्रकार वोल्मारला हवे तसे होते, स्वतःच्या शब्दांत लिहिणारे. आणि त्यांच्या लेखणीचा रोख हळूहळू एलियाश यांच्या सरकारकडे वळला. सरकार कामं लांबवतं, मनापासून साथ देत नाही, असं ते लिहू आणि जर्मनांना सांगू लागले. ते खरंच होतं, आणि म्हणूनच घातक. वेळ काढण्याचं सगळं तंत्र ते तंत्र कोणी मोठ्याने बोलून दाखवत नाही यावर चालतं.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. चेक प्रदेशात अडवणुकीचे आणि नासधुशीचे प्रकार वाढले. लंडनच्या रेडिओने हाक दिली: १४ ते २१ सप्टेंबर हा आठवडा जर्मनांच्या तालावरचे पेपर विकत घेऊ नका. लोकांनी घेतले नाहीत. विक्री कोसळली. मला हा बहिष्कार फार अचूक वाटतो. कोरी जागा छापायला बंदी होती. लोकांनी ती पेपरवाल्याच्या टपरीवर करून दाखवली.

त्याच आठवड्यात, १८ सप्टेंबर १९४१ ला, पंतप्रधान एलियाश यांनी काही आक्टिव्हिस्ट पत्रकारांना आपल्या कचेरीत चहापानाला बोलावलं. ताटांत ‘ख्लेबीचकी’ होत्या. पावाच्या कापावर लोणी, वर हॅम, अंडं, काकडीचं लोणचं. प्रागमध्ये आजही कोणत्याही समारंभाला हाच फराळ असतो. त्या ख्लेबीचकींमध्ये जंतू आणि विष घातलेलं होतं. पाहुण्यांपैकी अनेक जण आजारी पडले. १० ऑक्टोबरला लाझ्नोव्स्की मरण पावले.

एका देशाचा पंतप्रधान संपादकांना घरचा पाहुणा म्हणून बोलावून विष घालतो, हे वाचून मन थबकतं. थबकायलाच हवं. यजमानपणाचा असा वापर मला मान्य करता येत नाही. पण त्या कचेरीतून बघितलं तर एवढं दिसतं, की अडीच वर्षांच्या घासाघिशीनंतर या माणसापाशी शब्दांचं एकही हत्यार उरलं नव्हतं. पेपर दुसऱ्यांचे होते. उत्तर छापायची सोय नव्हती.

नंतरचं सगळं भराभर झालं. २७ सप्टेंबरला नॉयराटच्या जागी नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख प्रागमध्ये आला. त्याच दिवशी एलियाश यांना अटक. १ ऑक्टोबरला काही तासांच्या सुनावणीत शत्रूला साहाय्य केल्याबद्दल मृत्युदंड. लगेच मारलं मात्र नाही. ओलीस म्हणून ठेवलं. वाटाघाटी करणारा माणूस स्वतःच वाटाघाटीतली वस्तू होऊन बसला. १९ जून १९४२ ला प्रागच्या कोबिलिसी भागातल्या मैदानावर त्यांना गोळ्या घातल्या.

लपवणं संपलं

हायड्रिखबरोबर सेन्सॉरशिपचा स्वभावही पालटला. जानेवारी १९४२ मध्ये नव्या मंत्रिमंडळात एमानुएल मोराव्हेत्स शिक्षण आणि प्रचाराचा मंत्री झाला आणि पेपरांची सूत्रं त्याच्या खात्याकडे गेली. हा पूर्वीचा कर्नल. १९३८ मध्ये हाच जर्मनीशी लढलं पाहिजे म्हणून आग्रह धरत होता. आता खालचा मजला आणि वरचा मजला यांत अंतर उरलं नव्हतं.

२७ मे १९४२ ला प्रागमध्ये हायड्रिखवर हल्ला झाला, ४ जूनला तो मेला. आणि मग वर्तमानपत्रांत रोज याद्या येऊ लागल्या: गोळ्या घातलेल्यांची नावं, जन्मतारखा, गावं, आणि गुन्हा. कित्येकांचा गुन्हा ‘हल्ल्याला संमती दर्शवली’ एवढाच. १० जूनला लिदित्से गावातले १७३ पुरुष गावातच उभे करून मारले, बायकांना छावणीत पाठवलं, मुलांना वेगळं केलं, आणि ही बातमी दडवण्याऐवजी जर्मनांनी स्वतः जाहीर केली. तीन वर्षं जे पान काही घडत नसल्याचा आव आणत होतं, तेच आता घडलेलं सगळं सांगत होतं, कारण आता सांगण्यानेच भीती बसणार होती. सेन्सॉरशिप म्हणजे फक्त लपवणं, ही आपली समजूत इथे कोसळते. काय दिसावं हे जो ठरवतो तोच सेन्सॉर. मग ते कोरं पान असो की मृतांची यादी.

या सगळ्या वाटाघाटींनी मिळवलं काय? १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये निदर्शनात जर्मनांची गोळी लागून वारलेल्या यान ओप्लेताल या विद्यार्थ्याच्या अंत्ययात्रेनंतर जर्मनांनी चेक विद्यापीठं बंद केली, नऊ जणांना मारलं आणि सुमारे १,२०० विद्यार्थी झाक्सेनहाउझेनच्या छावणीत नेले. हाखा आणि एलियाश यांनी त्यांच्या सुटकेसाठी तगादा लावला, आणि टप्प्याटप्प्याने, १९४३ च्या सुरुवातीपर्यंत, बहुतेक मुलं घरी आली. काही तिथेच मेली. जी आली, त्यांच्या आयांना अभिनंदनाच्या तारांचा हिशेब विचारावा असं मला वाटत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. ज्यू नागरिकांसाठी ही घासाघीस काहीच करू शकली नाही. सरकारने आपल्या पद्धतीची बंधनं आधी स्वतःच आखली, मग नॉयराटने २१ जून १९३९ ला जर्मन कायद्याचीच व्याख्या लादली, आणि पेपर ते सगळं छापत राहिले. आज प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या ज्यूंची सुमारे ८०,००० नावं हाताने लिहिलेली आहेत. घर टिकवण्यासाठी एकेक खोली सोडत जाताना आधी कोणाची खोली सोडली, हेही तिथे दिसतं.

१९४५ मध्ये हिशेब झाले. मोराव्हेत्सने ५ मे ला स्वतःवर गोळी झाडली. हाखा जूनमध्ये पँक्राट्सच्या तुरुंगाच्या रुग्णालयात वारले. क्रिख्तालेकला १९४७ मध्ये फाशी झाली. एलियाश यांना मात्र फार थांबावं लागलं. त्यांचा सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला तो २००६ मध्ये.

राहिले पेरौत्का. १ सप्टेंबर १९३९ नंतर ते बुखेनवाल्डच्या छावणीत होते. युद्धाच्या मधल्या काळात त्यांना प्रागमध्ये आणलं आणि एक प्रस्ताव ठेवला. ‘प्रझितोम्नोस्त’ पुन्हा तुमच्या हाती देतो, जर्मनीच्या बाजूने चालवा, आणि घरी राहा. त्यांनी नकार दिला. त्यांना परत बुखेनवाल्डला पाठवलं. तिथून ते १९४५ मध्येच सुटले.

साप्ताहिकाचं नाव तेवढं वापरात राहिलं. १९४२ ते १९४५ या काळात ‘प्रझितोम्नोस्त’ त्याच नावाने निघत होतं, संपादक एमानुएल वायताउएर. मे १९४५ मध्ये वायताउएर नाहीसा झाला आणि कधीच सापडला नाही.